गाण्यातली एक ओळ आणि फेरपरीक्षेचे सहा आठवडे : एक प्रकरण अभ्यास

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी. संख्याशास्त्रात नापास, बाकीचे विषय सुटलेले, फेरपरीक्षा सहा आठवड्यांवर. ती अभ्यास टाळत नाही. रोज टेबलाशी बसते, पण उदाहरण वाचून झालं की पेन हातात तसंच राहतं. धीर खचू नये म्हणून तिने उमेद देणाऱ्या साठ गाण्यांची प्लेलिस्ट केली आहे आणि बसल्यापासून उठेपर्यंत ती कानात चालू असते. गाणं सुरू असेपर्यंत ‘जमेल आपल्याला’ असं वाटतं. इअरफोन काढला की दहा मिनिटांत पहिले पाढे पंचावन्न.

हे कुणा एका व्यक्तीचं प्रकरण नाही. नापास झाल्यावर गाण्यांचा आधार घेणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये जे वारंवार दिसतं, ते एकत्र करून उभं केलेलं आहे. त्यातले वेळेचे आणि गुणांचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. गाण्याच्या ओळीही कुठल्या प्रसिद्ध गाण्यातल्या नाहीत. मूळ ओळींचा घाट तसाच ठेवून त्या या लेखापुरत्या रचल्या आहेत.

आमचं म्हणणं असं की गाण्याच्या शब्दांतून मिळणारा धीर खरा असतो. त्याला भाबडेपणा म्हणून झटकून टाकणं चूक आहे. पण तो लवकर ओसरतो. ओसरायच्या आत हाताला काम मिळालं तर अभ्यास पुढे सरकतो. नाही मिळालं तर विद्यार्थी पुढचं गाणं लावतो. म्हणून या प्रकरणात सगळा जोर एकाच जागी दिला: ओळ मनात आल्यापासून पेन कागदाला लागेपर्यंतचा वेळ कमी करणं.

पहिला आठवडा: काहीही न बदलता नोंद

पहिले सात दिवस प्लेलिस्टला हात लावला नाही. फक्त वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखले: गाणं कशासाठी लावलं, त्यातली कोणती ओळ मनाला लागली आणि पुढच्या दहा मिनिटांत काय केलं. तिसरा रकाना भरायचा सर्वांत जास्त कंटाळा येतो, पण खरी माहिती तिथेच मिळते. ‘बरं वाटलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. ‘उदाहरण ४ चं दिलेलं उतरवलं’ किंवा ‘काही नाही, पुढचं गाणं लावलं’ असं लिहायचं.

आठवड्याच्या शेवटी पान वाचल्यावर काही गोष्टी उघड झाल्या. साठ गाण्यांपैकी पुन्हा पुन्हा ऐकली गेली ती सात-आठच. बाकीची सुरू होताच पुढे ढकलली जात होती. दीड तासाच्या बैठकीत पंधरा-वीस मिनिटं या शोधाशोधीत जात. प्रत्येक वेळी फोन उघडावा लागे आणि फोन उघडला की तो नुसता गाण्यापुरता उघडा राहत नाही. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘ऐकत बसले’ एवढंच होतं.

दुसरी गोष्ट तिच्याही लक्षात आली नव्हती. मनाला लागलेल्या ओळी क्वचितच मुखड्यातल्या होत्या. बहुतेक अंतऱ्यातल्या होत्या. थोडा विचार केला की हे पटतं. मुखडा पुन्हा पुन्हा यायचा असतो, कुणालाही लागू पडायचा असतो, त्यामुळे त्यातली भाषा मोठी आणि सर्वसाधारण होते: उद्या जग तुझं, थांबू नकोस, आकाश गाठ. अंतऱ्यात गीतकाराला प्रत्यक्ष अडचण मांडायला जागा मिळते, थकवा, रात्र, अडलेली वाट. आणि त्या अडचणीतून पुढे सरकणारी एखादी छोटी ओळ तिथेच सापडते. मुखडा कानाला लवकर चिकटतो, म्हणून आपण तोच आपला आधार समजतो. आधार बऱ्याचदा दुसऱ्या कडव्यात असतो आणि तिथवर पोहोचायच्या आत आपण गाणं बदललेलं असतं.

तिसरी नोंद अभ्यासाची होती. गाणं चालू असताना वाचलेली सूत्रं पुस्तक मिटल्यावर आठवत नव्हती. यात तिचा दोष नाही. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये कार्यस्मृतीचं, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं, जे प्रारूप मांडलं, त्यात शब्द थोडा वेळ मनातल्या मनात म्हणत धरून ठेवणारा एक भाग आहे. कानावर पडणारे बोल त्याच भागात घुसतात. 1989 मध्ये पियेर सलामे आणि बॅडली यांनी आकड्यांची मालिका लक्षात ठेवायला लावून पाहिलं, तेव्हा शब्द असलेल्या गाण्यांनी नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा केला. निक पेरम आणि जोआन विझर्ड यांच्या 2011 च्या प्रयोगात तर आवडतं संगीत आणि नावडतं संगीत दोन्हींमुळे क्रमवार आठवण सारखीच घसरली. ‘मला आवडतं, म्हणून मला अडथळा होत नाही’ ही अगदी प्रामाणिक समजूत असते, पण निदान क्रमाने लक्षात ठेवायच्या गोष्टींबाबत ती टिकत नाही. आणि गाण्याच्या शब्दांतून धीर मिळवायचा असेल तर शब्दांकडे लक्ष जाणारच. मग तेच लक्ष सूत्राकडे कसं राहील?

यावरून पहिला नियम ठरला. ओळ अभ्यासाच्या आधी किंवा दोन बैठकांच्या मध्ये. अभ्यास चालू असताना कान मोकळे.

ओळ कशी निवडली

सात-आठ गाण्यांतून तिने अकरा ओळी हाताने उतरवल्या. हाताने उतरवण्याचा आग्रह आहे, कारण चाल बाजूला झाली की ओळ उघडी पडते. काही ओळी सुरांमुळेच मोठ्या वाटत होत्या. कागदावर त्यांत काही उरलं नाही. त्या तिथेच गळाल्या.

उरलेल्यांत दोन प्रकारच्या ओळी होत्या. एकीचा घाट असा:

‘उद्या तुझ्याच नावाने ही दुनिया जागी होईल.’

दुसरीचा असा:

‘दिसत नाही वाट सारी, दिसतं तेवढं चाल.’

पहिली ओळ ऐकताना अंगावर काटा येतो आणि सुरुवातीला तिला हीच हवी होती. ती नको म्हणण्याची कारणं ठोस आहेत. एक तर नुकत्याच नापास झालेल्या मुलीला ही ओळ खरी वाटत नाही, आणि खोटी वाटणारी स्तुती उलटी फिरते. जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे त्यांना स्वतःविषयी गोड वाक्य घोकायला लावलं तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटतं. मन प्रत्येक वेळी आतून उत्तर देतं, ‘कुठे, नाही तसं.’ दुसरं असं की या ओळीत यशाचं चित्र आहे, रस्ता नाही. गाब्रिएले ओटिंगेन यांचं संशोधन अनेक वर्षं हेच सांगत आलं आहे: यश मिळाल्याची सुखद कल्पना रंगवली की त्यासाठी झटण्याची ऊर्जा कमी होते, कल्पनेसोबत वाटेतला अडथळाही डोळ्यांसमोर आणावा लागतो.

दुसरी ओळ हा अडथळा आधीच कबूल करते. ‘दिसत नाही वाट सारी’ हे तिच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं: उदाहरण वाचल्यावर कोणती चाचणी, म्हणजे दावा तपासायची कोणती संख्याशास्त्रीय पद्धत, लावायची ते तिला दिसत नसे. पुढे ‘दिसतं तेवढं’ म्हणताना ओळ मागणी लहान करते. आणि ‘चाल’ हे करता येण्यासारखं क्रियापद आहे. एकाच ओळीत अडचण, माप आणि कृती तिन्ही सापडणं दुर्मीळ आहे. अडचण आणि कृती एवढं असलं तरी ओळ घ्यावी. नुसती कृती असलेली ओळ, ‘चल, ऊठ, लढ’ छापाची, सकाळी चालते पण रात्री दहाला दमलेल्या माणसाला ती दटावणीसारखी ऐकू येते.

ओळ कोण कुणाला म्हणतंय हेही पाहिलं. ‘मी’ ची ओळ, ‘तू’ ची ओळ आणि ‘आपण’ ची ओळ यांचा परिणाम वेगळा होतो. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगांत भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांची कामगिरी ‘मी, मी’ करणाऱ्यांपेक्षा सरस ठरली आणि नंतर तेच ते उगाळणंही कमी झालं. स्वतःपासून थोडं दूर उभं राहता येतं, एवढंच त्यातलं मर्म. ‘चाल’ हा ‘तू’ चाच आदेश आहे, त्यामुळे इथे वेगळं काही करावं लागलं नाही. ओळ ‘मी’ मध्ये असती आणि प्रसंग तोंडी परीक्षेचा असता, तर आम्ही ती तिला ‘तू’ मध्ये फिरवून लिहायला सांगितली असती. गीतकाराची माफी मागून असा बदल खुशाल करावा. ओळ ज्या कार्डावर लिहून समोर ठेवायची, ते कार्ड आपलं आहे.

ओळ कामाला बांधणं

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. नुसती ओळ भिंतीवर चिकटवली तर चार दिवसांत ती भिंतीचाच भाग होते. पीटर गोलवित्झर यांनी 1999 मध्ये ज्या ‘असं झालं, तर असं करीन’ पद्धतीच्या योजनांवर लिहिलं, तीच चौकट इथे वापरली: प्रसंग अगदी नेमका आणि त्याला जोडलेली कृतीही नेमकी. ओळ या दोन्हींच्या मध्ये सांध्यासारखी बसवायची.

प्रसंग कोणता? ‘अभ्यासाला बसल्यावर’ हे फार ढोबळ झालं. तिच्या नोंदीत अडण्याची जागा ठरलेली होती: उदाहरण वाचून संपतं आणि ‘आता कोणती चाचणी?’ हा प्रश्न उभा राहतो तो क्षण. कृतीही ओळीतूनच काढली. ‘दिसतं तेवढं’ म्हणजे उदाहरणात दिसतं तेवढं. कार्डावर असं लिहिलं:

‘उदाहरण वाचून पेन थांबलं, की: दिसत नाही वाट सारी, दिसतं तेवढं चाल. मग लगेच चार गोष्टी वहीत: नमुना किती, सरासरी किती, समष्टीचं प्रमाण विचलन दिलंय की नमुन्यावरून काढायचंय, विचारलंय काय.’

या चार गोष्टी उतरवल्या की पुढचं बरंचसं आपोआप दिसू लागतं. एका सरासरीचं उदाहरण असेल आणि समष्टीचं, म्हणजे ज्या सगळ्या गटातून नमुना घेतला त्याचं, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) माहीत असेल तर झेड चाचणीकडे जायचं. माहीत नसेल, नमुन्यावरूनच काढायचं असेल तर टी चाचणीकडे. ‘विचारलंय काय’ मधल्या ‘वाढलं का’, ‘कमी झालं का’, ‘फरक आहे का’ या शब्दांवरून चाचणी एकपुच्छ (फरक एकाच दिशेने तपासणारी) की द्विपुच्छ (दोन्ही दिशांनी तपासणारी) ते ठरतं. म्हणजे वाट न दिसण्याचं निम्मं कारण हेच होतं की ती दिलेलं न उतरवताच चाचणी शोधत होती. ओळीने संख्याशास्त्र शिकवलं नाही. ज्या क्षणी ती उठून गाणं लावत असे, त्या क्षणी तिला वहीवर थांबवलं.

कार्ड पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, हस्ताक्षरातलं. फोन दुसऱ्या खोलीत. गाणं ऐकायचं ते बैठकीच्या आधी एकदा, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि आधीच डाऊनलोड करून ठेवलेलं, म्हणजे शोधायला यादीत उतरावं लागत नाही. मग पंचवीस मिनिटं शांततेत काम, पाच मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या. मधल्या विश्रांतीत गाणं चालेल, पण तेच किंवा बिनशब्दांचं. कार्डावरची ओळ बैठकीत अडल्यावर एकदा ओठांतल्या ओठांत म्हणायची. एकदाच.

काय बिघडलं

दुसऱ्या आठवड्यात सगळं सुरळीत गेलं आणि तिसऱ्यात ओळ बोथट झाली. कारण शोधायला वही पुरेशी होती: अडलं की ती ओळ आठ-दहा वेळा पुटपुटत होती, जपासारखी. एकच शब्द लागोपाठ म्हणत राहिलं की त्याचा अर्थ काही काळ विरून जातो, नुसता आवाज उरतो. मानसशास्त्रात या परिणामाचा अभ्यास विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून झालेला आहे आणि कुणालाही घरबसल्या अनुभवता येतो. कोणताही साधा शब्द अर्धा मिनिट भराभर म्हणून पाहावा. म्हणून ‘एकदाच’ हा शब्द कार्डावर लाल शाईने आला. दोन दिवस ओळीला सुट्टी दिली, फक्त चार गोष्टी उतरवण्याची कृती चालू ठेवली. नंतर ओळ परत आणली तेव्हा ती पुन्हा लागू लागली.

दुसरा बिघाड जास्त खोल होता. एका संध्याकाळी ती दमलेली होती. ओळ म्हटली, चार गोष्टी उतरवल्या नाहीत, पलंगावर पडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. असं दोनदा झालं की ओळ आणि कृती यांची गाठ सुटू लागते. ओळ म्हटली म्हणजे काहीतरी केलं असं खोटं समाधान मिळायला लागतं. इथला नियम आम्ही कडक ठेवतो: ओळ म्हटली तर कृतीचा निदान पहिला चतकोर करायचाच, म्हणजे तिच्या बाबतीत ‘नमुना किती’ एवढं तरी लिहायचं. तेवढंही करण्याची ताकद नसेल तर ओळ म्हणायची नाही, सरळ झोपायचं. झोप कमी पडलेल्या विद्यार्थ्याला गाण्यातल्या ओळीने जागं ठेवणं हे ओळीचं काम नव्हे.

आवाजाची पातळी हा छोटा पण विसरला जाणारा मुद्दा. उत्साह यावा म्हणून आवाज वाढवत नेण्याची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल पातळीवर आठवड्याला 40 तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मानली आहे. आवाज त्याहून वाढला की परवडणारे तास झपाट्याने कमी होतात. पूर्ण वेळ प्लेलिस्ट बंद झाल्यामुळे तिचा हा प्रश्न आपोआप मिटला.

सराव चाचणीनंतरची संध्याकाळ

चौथ्या आठवड्याच्या शेवटी सराव चाचणी झाली. पन्नासपैकी सतरा. उत्तीर्ण व्हायला वीस लागतात. त्या संध्याकाळी तिने कार्ड बाजूला ठेवलं आणि एक उदास गाणं सलग लावलं, रात्रीपर्यंत.

इथे दोन टोकाचे सल्ले दिले जातात आणि दोन्ही चुकतात. ‘उदास गाणी ऐकूच नकोस’ हे चूक, कारण दुःखात आपल्या मनासारखे शब्द ऐकणं हा मोठा दिलासा असतो. कुणीतरी हे आधी भोगलंय एवढं कळलं तरी एकटेपण कमी होतं. ‘लगेच जोशाचं गाणं लाव’ हेही चूक, कारण मन आणि गाणं यांच्यात इतकं अंतर असेल तर गाणं परकं वाटतं. संगीतोपचारात इरा आल्टशूलर यांनी 1940 च्या दशकात मांडलेलं एक तत्त्व आजही वापरात आहे: आधी मनाच्या आत्ताच्या अवस्थेशी जुळणारं संगीत, मग हळूहळू जिथे न्यायचं त्या दिशेचं.

पुढच्या वेळेसाठी तिच्यासोबत तीन गाण्यांचा क्रम ठरवला. पहिलं गाणं मनासारखं उदास. दुसरं मधलं, ज्याची लय थोडी चढी आहे पण शब्द अजून दुःख नाकारत नाहीत. तिसरं तिच्या ओळीचं. मिळून बारा ते पंधरा मिनिटं. पहिलं गाणं संपताना कागदावर एक वाक्य लिहायचं: ‘आज नेमकं काय दुखलं?’ तिसरं संपल्यावर उठून उभं राहायचं, पाणी प्यायचं, आणि उत्तरपत्रिकेतलं फक्त एक चुकलेलं उदाहरण काढायचं. सोडवायचं नाही, कुठे चुकलं त्या ओळीवर खूण करायची, बस.

ही खूण करताना दिसलं की सतरा गुणांमागे चाचणी निवडण्याच्या चुका दोनच होत्या. बाकीचे गुण चाचणीचं कोष्टक वाचण्यात आणि स्वातंत्र्यांश (टी चाचणीच्या कोष्टकात पाहण्यासाठी नमुन्याच्या संख्येतून एक वजा करून येणारा आकडा) मोजताना एक वजा करायला विसरण्यात गेले होते. उदास गाण्यांत अडकलेल्या रात्री हे तिला कळणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा मनात एकच वाक्य होतं, की आपल्याला हा विषय येत नाही.

उदास गाणं आधार देतंय की खाली ओढतंय हे ओळखायला एक साधी कसोटी आहे: ऐकून झाल्यावर मन हलकं होतं का, की तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो? सुवी सारिकालिओ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये किशोरवयीन मुलांच्या ऐकण्याच्या सवयींसाठी 13 प्रश्नांची जी प्रश्नावली तयार केली, तिचा रोखही असाच आहे. कोणतं गाणं यापेक्षा त्यानंतर काय होतं आणि ऐकणारा माणसांपासून तुटत चालला आहे का, हे पाहायचं. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन खिन्न, झोप-भूक बिघडलेली, कशातच गोडी नाही असं असेल तर ओळी निवडत बसू नये. समुपदेशक किंवा डॉक्टरकडे जावं. आणि सगळं संपवावं अशा अर्थाच्या ओळी ‘आपल्याच’ वाटायला लागल्या, तर त्याच दिवशी विश्वासातल्या कुणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगावं आणि तातडीची मदत घ्यावी. मित्राच्या लक्षात आलं तर त्याने थेट विचारावं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसं काही नव्याने शिरत नाही.

परीक्षेच्या दिवशी

शेवटच्या दोन आठवड्यांत बैठका शक्य तितक्या परीक्षेसारख्या केल्या: शांतता, घड्याळ, पुस्तक मिटलेलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या 2006 च्या कामानंतर, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतं, ही गोष्ट सर्वपरिचित झाली आहे. गाणं बैठकीआधीच्या एका वेळेपुरतं उरलं.

परीक्षेच्या सकाळी गाणं ऐकावं की नाही, यावर आमचं मत ठाम आहे: ऐकायचं तर निदान तासभर आधी, आणि पूर्ण. दारापर्यंत इअरफोन लावून गेलं आणि मुखड्यावर तोडलं तर तो मुखडा डोक्यात फिरत राहण्याची भीती असते. तिच्या सराव चाचणीत नेमकं हेच घडलं होतं. प्रश्न वाचताना मागे गाणं चालूच. यावर एक चांगला उपाय संशोधनातून आला आहे. रीडिंग विद्यापीठातल्या फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की च्युइंग गम चघळल्याने डोक्यात अडकलेलं गाणं कमी वेळा वर येतं. मनातल्या मनात गाण्यासाठी बोलण्याची जी यंत्रणा लागते ती जबडा हलत असताना गुंतलेली राहते. परीक्षागृहात गम चालेल असं नाही. त्याऐवजी प्रश्न ओठ हलवत, आवाज न करता वाचायचा. त्याच यंत्रणेला प्रश्नाचे शब्द दिले की गाण्याला जागा कमी उरते. तिने सहाव्या आठवड्यात याचा सराव केला.

कार्ड अर्थातच आत नेलं नाही. ओळ तोवर पाठच होती आणि तिच्यामागची चार गोष्टींची सवयही. कच्च्या कामाच्या जागेत तिने प्रत्येक उदाहरणाला नमुना, सरासरी, विचलन, विचारलेलं, असे चार शब्द आधी लिहिले.

निकाल आणि त्यातलं ओळीचं श्रेय

पेपर सुटला, पन्नासपैकी सव्वीस. श्रेयाच्या बाबतीत जपून बोलायला हवं. या सहा आठवड्यांत गाणं ऐकण्याची पद्धत बदलली, फोन खोलीबाहेर गेला, पुस्तक मिटून सराव सुरू झाला आणि कोष्टक वाचण्याच्या चुका सापडल्या. सव्वीसमधले किती गुण ओळीचे हे वेगळं काढता येत नाही, आणि कुणी तसा दावा केला तर मानू नये. वहीतला तिसरा रकाना मात्र एवढं सांगतो: पहिल्या आठवड्यात गाण्यानंतरच्या दहा मिनिटांत वहीत काहीतरी उतरण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके होते, पाचव्या आठवड्यात कोरे प्रसंग तितके उरले. आमच्या दृष्टीने ओळीचं काम तेवढंच होतं.

पुढच्या सत्रात तिला प्रकल्प अहवाल लिहायचा होता आणि तिने तेच कार्ड टेबलावर ठेवलं. तिथे ते चाललं नाही. अहवालात तिला वाट दिसत होती. कोणतं प्रकरण कशानंतर हे ठरलेलं होतं. ती अडत होती पहिल्याच परिच्छेदात, तो पुन्हा पुन्हा खोडून. ‘दिसतं तेवढं चाल’ या शब्दांना त्या अडचणीशी काही देणंघेणं नाही. तिला आता वाकडं-तिकडं लिहायची परवानगी देणारी ओळ हवी होती, म्हणून पुन्हा एक आठवडा तीन रकाने भरले आणि एका जुन्या आवडत्या गाण्याच्या तिसऱ्या अंतऱ्यात ती मिळाली. तिचा घाट साधारण असा: ‘सूर लागेल मागाहून, आधी तोंड तर उघड.’ नव्या कार्डावर तिच्याखाली कृती लिहिली: दहा मिनिटं न खोडता लिहायचं, शब्द सुचला नाही तर तिथे फुली मारून पुढे जायचं.